उन्हाळी पिक्चरचा लिलाव : अमेरिकेतल्या बॉक्स ऑफिस लीगचा एक मोसम

आयपीएलच्या फँटसी टीम लावणारे आपल्याकडे घरोघरी सापडतील. पिक्चरच्या गल्ल्यावर खेळायची फँटसी लीग मात्र मला न्यू जर्सीत नोकरीला लागून बरीच वर्षं झाल्यावर कळली. या उन्हाळ्यात, म्हणजे २०२३ मध्ये, मी ती पहिल्यांदा खेळले. सुरुवातीला नियमांचा कागद वाचून छातीत धडकी भरली होती, आणि मराठीत कुणी समजावून लिहिलेलं मला सापडलं नाही. म्हणून मोसम संपल्या संपल्या हे तारीखवार लिहिते आहे. कुणाला खेळायचं असेल, किंवा आपल्या मित्रमंडळींत अशी लीग काढायची असेल, तर उपयोगी पडेल.

मार्चमध्ये आमच्या टीममधल्या एका सहकाऱ्याने विचारलं. तो ही लीग काही वर्षं चालवतो आहे. खेळ थोडक्यात असा : खेळणारे आठ. प्रत्येकाकडे खोटे १०० डॉलर. मे महिन्याच्या पहिल्या शुक्रवारपासून लेबर डेपर्यंत, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत, अमेरिकेत लागणाऱ्या पिक्चरांचा लिलाव करायचा. तुम्ही बोली लावून घेतलेला पिक्चर त्या काळात तिकीटबारीवर जेवढे पैसे करेल, तेवढे तुमच्या खात्यावर. मोसमाच्या शेवटी ज्याची बेरीज मोठी, तो जिंकला. पिक्चर चांगला आहे की टाकाऊ, समीक्षक काय म्हणतात, जगभरात किती धंदा झाला, यातलं काहीही धरायचं नाही. फक्त इथला गल्ला.

‘इथला’ म्हणजे कुठला, हा पहिलाच घोळ. बॉक्स ऑफिसच्या भाषेत ‘डोमेस्टिक’ म्हणजे अमेरिका आणि कॅनडा मिळून. बॉक्स ऑफिस मोजो किंवा द नंबर्स या साइटवर आकडे पाहताना तोच रकाना बघायचा. शेजारी जगभराचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो आणि नवख्या माणसाची नजर हमखास त्यावर जाते. आकडे सगळे मिलियनमध्ये. १०० मिलियन म्हणजे १० कोटी डॉलर एवढं डोक्यात पक्कं केलं की पुढे अडत नाही.

ऑफिसात खेळायचं म्हणून एचआरची लेखी परवानगी काढावी लागली. अर्जात लिहायचं होतं : खेळ कशाचा, किती लोकांचा, पैसे कुणाकडे जमा होणार, बक्षीस काय. उत्तर यायला दहा-बारा दिवस लागले. त्यांनी मान्यता दिली ती अटी घालून. रोख बक्षीस नाही, कामाच्या वेळेत खेळ नाही, कुणावर सक्ती नाही. वर्गणी प्रत्येकी २० डॉलर. त्यातून लिलावाच्या संध्याकाळचं खाणं आणि मोसमाच्या शेवटी सगळ्यांची मिळून एका पिक्चरची तिकिटं. ऑफिसात लीग काढणार असाल तर हे आधी करून घ्या. आमच्या अर्जाचं उत्तर आलं तेव्हा लिलावाला तीनेक आठवडेच उरले होते.

त्याच सुमारास अण्णांशी फोनवर बोलताना हा विषय निघाला. अण्णा निफाड तालुक्यात असतात, कांदा आणि थोडी द्राक्षं. त्यांचा पहिला प्रश्न, “हा सट्टा तर नाही ना?” मी म्हटलं, “नाही अण्णा, खोटे पैसे आहेत.” पण त्या प्रश्नामुळे मी शोधायला बसले आणि एक गोष्ट हाती लागली. अमेरिकेत कायद्याने ज्यांच्या वायद्यांवर (पुढच्या तारखेचा भाव धरून आज केलेल्या सौद्यांवर) बंदी आहे अशा वस्तू दोन : कांदा आणि पिक्चरचा गल्ला. १९५५ मध्ये शिकागोच्या बाजारात दोन व्यापाऱ्यांनी कांदा कोंडून ठेवला, मग एकदम ओतून भाव पाडला आणि शेतकरी बुडाले. त्यातून १९५८ चा कांदा वायदे कायदा आला. २०१० मध्ये पिक्चरच्या गल्ल्यावर खऱ्या पैशांचे वायदे सुरू करायला सरकारी आयोगाने परवानगी दिली होती. स्टुडिओंनी जोरदार विरोध केला आणि त्याच वर्षीच्या डॉड-फ्रँक या आर्थिक सुधारणांच्या कायद्यात ते वायदेही बंद झाले. अण्णांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तिथल्या सरकारला कांद्याचं दुखणं कळलं म्हणायचं.”

एप्रिल सगळा तयारीत गेला. सहकाऱ्याने सांगितलं की आधी हॉलिवूड स्टॉक एक्स्चेंजवर खातं काढ. हा १९९६ पासून चालत आलेला खेळ. खातं फुकट असतं आणि सुरुवातीला २० लाख खोटे डॉलर मिळतात. तिथे प्रत्येक येणाऱ्या पिक्चरचा शेअर असतो. शेअरचा भाव १५० असेल तर त्याचा अर्थ, हा पिक्चर पहिल्या चार आठवड्यांत इथे १५० मिलियन करेल असा खेळणाऱ्यांचा अंदाज. मला शेअर घेण्या-विकण्यात फार रस वाटला नाही, पण लिलावाच्या तयारीला हे भाव सोन्यासारखे उपयोगी पडले. हजारो लोकांचा अंदाज एका आकड्यात मिळतो, तोही फुकट. पहिला वीकेंड झाला की तिथे ठरावीक पद्धतीने भाव जुळवून घेतात : शुक्रवारी सगळीकडे लागलेल्या पिक्चरला वीकेंडच्या गल्ल्याच्या २.७ पट. हा २.७ आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणखी एक जुना खेळ होता, फँटसी मूव्ही लीग, मॅथ्यू बेरी यांनी काढलेला. त्यात दर आठवड्याला आठ पडद्यांचं आपलं मल्टिप्लेक्स भरायचं, ठरलेल्या बजेटमध्ये. रिकामा पडदा ठेवला तर दंड, आणि पैशाच्या मानाने सर्वांत जास्त कमावणारा पिक्चर लावला तर बोनस. तो आता बंद आहे, पण तो खेळलेल्या एका सहकारी बाईंनी मला त्यातलं मर्म सांगितलं. मोठा पिक्चर शोधू नकोस, स्वस्त पडणारा शोध.

मग मी हिशोब मांडला. यादीतल्या सगळ्या पिक्चरांची अपेक्षित कमाई जोडली तर साधारण ३,२०० मिलियन होत होती. लीगमधला एकूण पैसा आठ जणांचे मिळून ८०० डॉलर. म्हणजे एका डॉलरला ४ मिलियन. ज्या पिक्चरकडून २०० मिलियनची आशा, त्याची रास्त किंमत ५० डॉलर. त्याहून वर बोली गेली की हात खाली. हा तक्ता एका कागदावर छापून घेतला. लिलावाला जाण्यापूर्वी तुम्हीही एवढं कराच. ऐनवेळी भागाकार होत नाही.

तारखांचाही विचार हवा. मोसम लेबर डेला, म्हणजे यंदा ४ सप्टेंबरला संपतो. मे महिन्यात लागलेल्या पिक्चरला चार महिने कमवायला मिळतात, १८ ऑगस्टला लागलेल्या ‘ब्लू बीटल’ला तीन आठवडेसुद्धा नाहीत. ऑगस्टच्या पिक्चरांच्या अपेक्षित आकड्यातून मी सरळ पाव भाग कापला.

लिलाव बुधवारी, ३ मे रोजी संध्याकाळी झाला. आदल्याच दिवशी हॉलिवूडच्या लेखकांचा संप सुरू झाला होता, त्यामुळे खोलीत त्याचीच चर्चा. उन्हाळ्याचे पिक्चर तयार असल्याने आपल्याला काही फरक पडणार नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. मला त्या संध्याकाळी परकं वाटत होतं, हे लपवत नाही. बाकीच्यांनी ‘इंडियाना जोन्स’ लहानपणी थिएटरात पाहिलेला, खेळणी घेतलेली. माझं लहानपण गावातल्या जत्रेच्या तंबू थिएटरातलं. पण बोली सुरू झाली आणि मी सावरले, कारण लिलाव मला नवीन नव्हता. लहानपणी सुट्टीत अण्णांबरोबर ट्रॅक्टरवर बसून लासलगावच्या बाजार समितीत जायचे. व्यापारी घोळक्याने एकेका ट्रॉलीपाशी येतात, मूठभर कांदा हातात घेतात, भराभर भाव पुकारतात आणि मिनिटाभरात पुढे जातात. अण्णा नेहमी सांगायचे, “पहिल्या गाडीला चढा भाव काढतात, त्यावर जाऊ नये. दिवसाची सरासरी बघावी.” या खोलीतही तेच चाललं होतं. पहिले दोन-तीन पिक्चर निघाले तेव्हा सगळ्यांचे खिसे भरलेले होते आणि भाव चढे. ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी ३’ ७१ ला गेला, नवा ‘स्पायडर-मॅन’ ६६ ला, ‘इंडियाना जोन्स’ ५५ ला.

लिलावात आळीपाळीने प्रत्येकाने एक पिक्चर पुकारायचा असतो. इथे एक युक्ती आहे : आपल्याला नको असलेला, पण लोकांना हवासा वाटेल असा पिक्चर आधी पुकारायचा. मी ‘द फ्लॅश’ पुकारला. तो ४४ ला गेला. दुसरी गोष्ट : प्रत्येकाला सहा पिक्चर घ्यावेच लागतात आणि कमीत कमी बोली १ डॉलर. म्हणजे तुमच्याकडे ३० डॉलर आणि चार जागा रिकाम्या असतील, तर तुमची कमाल बोली २७, कारण बाकीच्या तिन्हींसाठी एकेक डॉलर राखायला हवा. हे प्रत्येक वेळी पाटीवर लिहून ठेवलं नाही तर वाद होतात. आमच्यात झाला.

माझ्या पदरात पडलं ते असं : ‘द लिटल मरमेड’ ४६, ‘मिशन : इम्पॉसिबल’चा सातवा भाग ३०, पिक्सार या अॅनिमेशन स्टुडिओचा ‘एलिमेंटल’ १७, ‘टीनएज म्युटंट निंजा टर्टल्स’ ४, ‘इन्सिडियस’ २ आणि ‘हाँटेड मॅन्शन’ १. शेवटचे तीन एवढे स्वस्त मिळाले कारण तोवर खोलीतला पैसाच आटला होता. ज्यांच्याकडे शेवटी ७-८ डॉलर शिल्लक, तेच राजे. ‘बार्बी’ आणि ‘ओपनहायमर’ दोन्ही हिशोब विभागातल्या एका बाईंनी घेतले, ३९ आणि २७ ला. दोन्ही २१ जुलैलाच लागणार, तेव्हा एक दुसऱ्याला खाईल, असं बहुतेकांना वाटत होतं. बाई शांतपणे म्हणाल्या की दोन्हींचा प्रेक्षक वेगळा आहे.

लिलाव झाला की वाट पाहणं सुरू. गुरुवारी रात्री आगाऊ खेळ होतात, त्यांचे पैसे शुक्रवारच्या आकड्यातच मिसळलेले असतात. शनिवारी सकाळी शुक्रवारचा आकडा येतो. रविवारी सकाळी स्टुडिओ पूर्ण वीकेंडचा अंदाज जाहीर करतात, तेव्हा रविवारचे खेळ अजून चालूच असतात. पक्का आकडा सोमवारी. माझा सल्ला असा की रविवारी तक्ता भरूच नका. जुलैत ‘बार्बी’चा रविवारचा अंदाज १५५ मिलियन होता आणि सोमवारी पक्का आकडा आला १६२. ‘ओपनहायमर’ ८०.५ वरून ८२.४ वर गेला. आमच्या नियमांत सोमवारी संध्याकाळी एकाच माणसाने एकाच साइटवरून आकडे उतरवायचे असं लिहिलेलं होतं, त्यामुळे भांडणं टळली.

२६ मेला ‘द लिटल मरमेड’ लागला. सोमवारची मेमोरियल डेची सुट्टी धरून चार दिवसांत ११८.८ मिलियन. अशी सोमवारची सुट्टी आली की तो चौथा दिवस फार मोलाचा असतो. तारखा पाहताना कॅलेंडरमधल्या सुट्ट्यांवर खूण करून ठेवा.

मग १६ जून आला, आणि या खेळात मला जे काही कळलं ते बहुतेक त्या दोन आठवड्यांत कळलं. त्या शुक्रवारी ‘द फ्लॅश’ आणि ‘एलिमेंटल’ एकत्र लागले. ‘द फ्लॅश’ने वीकेंडला ५५ मिलियन केले. ‘एलिमेंटल’ने २९.६. पिक्सारच्या मानाने ही अगदीच पडेल सुरुवात. सोमवारच्या सगळ्या बातम्या ‘पिक्सार संपलं’ अशा सुरात होत्या. मी २.७ ने गुणून पाहिलं : ८० मिलियन. १७ डॉलरला वाईट नाही, पण वाईट वाटलं हे खरं.

त्या वेळी हिशोब विभागातल्या त्याच बाईंनी मला सिनेमास्कोर बघायला सांगितलं. पहिल्या रात्री थिएटरातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांना कार्ड देऊन पिक्चरला श्रेणी द्यायला सांगतात, शाळेसारखी, ए प्लसपासून एफपर्यंत. समीक्षकांचं मत नव्हे, पैसे मोजून आलेल्या माणसाचं. ‘एलिमेंटल’ला ए होता, ‘द फ्लॅश’ला बी. बी म्हणजे आपल्या शाळेत पास. इथे या मोठ्या पिक्चरांच्या बाबतीत ती धोक्याची घंटा. दुसऱ्या वीकेंडला ‘द फ्लॅश’ ७२ टक्क्यांनी कोसळला, जेमतेम १५ मिलियन. ‘एलिमेंटल’ ३८ टक्केच उतरला आणि १८ मिलियनच्या वर राहिला. एका आठवड्यात क्रम उलटा झाला होता.

त्या दुसऱ्या आठवड्यात मंगळवारच्या स्वस्त तिकिटांत आम्ही सगळे ‘एलिमेंटल’ बघून आलो. लीग खेळायला पिक्चर बघावा लागत नाही, आणि सगळेच बघत बसलात तर तिकिटांचा खर्च वर्गणीच्या कितीतरी पट होईल. पण मला तो बघायचाच होता. दुसऱ्या देशात येऊन दुकान उभं करणारे आई-बाप आणि ते दुकान आपल्याला चालवायचं नाही हे सांगता न येणारी मुलगी. दिग्दर्शक पीटर सोहन स्वतः न्यूयॉर्कमध्ये किराणा दुकान चालवणाऱ्या कोरियन आई-बापाचा मुलगा. आमच्या भागातल्या त्या थिएटरात पुढच्या रांगेत एक गुजराती कुटुंब आजीसकट आलेलं, मागे स्पॅनिश बोलणारी मुलं. वडील मुलीपुढे मान झुकवतात त्या प्रसंगाला मला रडू आलं. बाहेर पडताना आजीबाई नातवाला परत काहीतरी विचारत होत्या आणि तो सांगत होता. तेव्हा मला आकड्यामागचं कारण दिसलं. ज्या पिक्चरवर घरी जाताना गाडीत बोलणं होतं, तो दुसऱ्या आठवड्यात टिकतो. ‘एलिमेंटल’ शेवटी १५० मिलियनच्या पुढे गेला, पहिल्या वीकेंडच्या पाच पट. ‘द फ्लॅश’ दुपटीलाही पोचला नाही, १०८ वर थांबला.

इथले लोक याला पिक्चरला ‘लेग्ज’ असणं म्हणतात. म्हणून माझं नवख्यांना आग्रहाचं सांगणं आहे : लिलावाच्या कागदावर पहिल्या वीकेंडचा अंदाज लिहू नका, शेवटच्या बेरजेचा लिहा. भयपटाला दोन-अडीच पट धरा. माझा ‘इन्सिडियस’ ३३ ला उघडला आणि ८२ वर संपला, अगदी अडीच पट. मागच्या भागांचे कट्टर चाहते असलेले पिक्चर पहिल्या तीन दिवसांत बरंच कमावून बसतात. घरच्यांनी मिळून बघायचा, सुट्टीच्या दिवसांतला पिक्चर तीन-चार पटीपर्यंत जाऊ शकतो.

जुलै धामधुमीचा. ४ जुलैला ‘साउंड ऑफ फ्रीडम’ लागला, जो आमच्या यादीतच नव्हता. एका छोट्या कंपनीचा पिक्चर, अनोळखी लोकांसाठी आगाऊ तिकिटं काढून ठेवायची त्यांची वेगळीच पद्धत. त्याने १८४ मिलियन केले, आणि ते आमच्यापैकी कुणाच्याच खात्यावर नाहीत. १२ जुलैला ‘मिशन : इम्पॉसिबल’ लागला. आदल्या वर्षी टॉम क्रूझच्या ‘टॉप गन’ने इथे ७०० मिलियनच्या वर कमावले होते, तेव्हा ३० डॉलर कुणालाही कमीच वाटले असते. पहिला वीकेंड ५४.७. प्रेक्षकांची श्रेणी ए. तरी दुसऱ्या वीकेंडला साठ टक्क्यांहून जास्त पडला, कारण २१ तारखेला आयमॅक्सचे, म्हणजे सगळ्यांत मोठे, पडदे ‘ओपनहायमर’कडे गेले, तेही तीन आठवड्यांसाठी. हे आधीपासून जाहीर होतं. तारखेबरोबर मोठे पडदे कुणाकडे, कधीपर्यंत, हे बघण्याची सवय ठेवावी असं मी कागदाच्या वरच लिहून ठेवलं आहे.

२१ जुलैचा वीकेंड इथे राहणाऱ्यांनी अनुभवलाच असेल. आमच्या गावातल्या थिएटराच्या पार्किंगमध्ये गुलाबी कपड्यांतल्या आज्या आणि नाती, आणि त्याच रांगेत तीन तासांच्या ‘ओपनहायमर’ला निघालेले कॉलेजचे विद्यार्थी. एकाच दिवशी दोन्ही बघणारे कितीतरी. दोन्ही पिक्चर हिशोब विभागातल्या बाईंकडे, म्हणजे लीग तिथेच संपली होती, खरं तर. पण मला त्या बाईंचा आनंद बघून फार बरं वाटलं. मे महिन्यात सगळी खोली विरुद्ध बोलत असताना त्यांनी आपला तर्क सोडला नव्हता.

१४ जुलैपासून कलाकारांचाही संप सुरू झाला होता. मे महिन्यात आम्ही म्हणालो होतो की संपाने फरक पडणार नाही. पडला. कलाकार प्रसिद्धीला जाईनात. ‘हाँटेड मॅन्शन’चा पहिला खेळ डिस्नेलँडमध्ये कलाकारांशिवाय झाला. त्याने ६० मिलियनच्या थोडे पुढे केले. टर्टल्सनी मात्र २ ऑगस्टला लागूनही लेबर डेपर्यंत १०० मिलियन ओलांडले, चार डॉलरात.

ऑगस्टचा शेवट माझ्या मनाला जड गेला. १९ तारखेला भारत सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं आणि नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमधले लिलाव बंद पडले. अण्णांचा उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत होता. फेब्रुवारी-मार्चमध्ये भाव मातीमोल झालेले, आता कुठे वर सरकत होते. मी रोज सकाळी आधी लासलगावची बातमी बघायचे आणि मग बॉक्स ऑफिसचे आकडे. लिलाव काही दिवसांनी सुरू झाले, पण त्या आठवड्यात लीगच्या तक्त्यात मन लागलं नाही. १०० खोटे डॉलर लावणं आणि चाळीत खरा कांदा असणं यातलं अंतर तेव्हा अंगावर आलं.

त्याच आठवड्यात आमच्यात नियमांवरून वाद झाला. ‘ग्रॅन टुरिस्मो’ ११ ऑगस्टवरून २५ ला ढकलला होता, मधल्या वीकेंडना ठिकठिकाणी आगाऊ खेळ लावले आणि ते सगळे पैसे पहिल्या वीकेंडमध्ये धरून आकडा जाहीर केला. तो पिक्चर घेतलेल्या मुलाचं म्हणणं, सगळं माझं. कुणी म्हणे, आगाऊ खेळ वेगळे. आमचा नियम मोसमाच्या एकूण बेरजेचा असल्याने शेवटी फरक पडला नाही, पण तुमची लीग आठवड्याच्या आकड्यांवर चालणार असेल तर हे आधी लिहून घ्या. २७ ऑगस्टला राष्ट्रीय सिनेमा दिन होता, सगळीकडे ४ डॉलरला तिकीट. गर्दी खूप, पण तिकीटच स्वस्त. लीगमध्ये माणसं मोजत नाहीत, डॉलर मोजतात.

मंगळवारी, ५ सप्टेंबरला पक्के आकडे उतरवले. हिशोब विभागातल्या बाई पहिल्या, एकूण १,००० मिलियनच्या वर. ‘बार्बी’चेच एकटीचे ६०० च्या पुढे. माझी बेरीज ८५० च्या पुढे, तिसरा नंबर. माझ्याकडचा एकही पिक्चर उन्हाळ्यातल्या पहिल्या तिघांत नव्हता. बेरीज झाली ती ‘लिटल मरमेड’ने तीनशेच्या जवळ नेली आणि स्वस्तातल्या चौघांनी भर घातली म्हणून. वर्गणीतले उरलेले पैसे तिकिटांना पुरले नाहीत, प्रत्येकी आणखी पाच-सहा डॉलर घालावे लागले. सुरुवातीलाच २५ घेतले तर बरं.

पुढच्या वर्षीसाठी नियमांच्या कागदात तीन बदल केले आहेत. यादीत नसलेला पिक्चर लागण्याच्या आदल्या बुधवारपर्यंत, ज्याच्याकडे शिल्लक डॉलर आहेत त्याला बोली लावून घेता येईल. लिलावानंतर मोसमाबाहेर ढकललेल्या पिक्चरचे निम्मे डॉलर परत. आणि कमाल बोलीचा हिशोब पाटीवर एकच माणूस लिहील.

नाशिकच्या चुलतबहिणीला हे सगळं सांगितल्यावर तिने तिथे लीग काढायचं ठरवलं आहे. तिच्या मनात ‘बाईपण भारी देवा’ आहे. ३० जूनला लागलेला हा मराठी पिक्चर बायकांच्या भिशी मंडळांनी थिएटरं भरून भरून ७० कोटींच्या पुढे नेला. मल्टिप्लायरचं, म्हणजे पहिल्या वीकेंडच्या कितीतरी पट कमावण्याचं, याहून चांगलं उदाहरण मला इथेही दिसलं नाही. तिला मी एवढंच कळवलं आहे : भारतात स्टुडिओ आकडे देतात ते कधी ग्रॉस असतात, कधी जीएसटी वजा केलेले नेट, कधी जगभराचे. एकच साइट आणि एकच रकाना ठरवून घे, आठही जणींच्या सह्या घे, आणि मगच लिलावाची तारीख काढ.